*कोंबडा रात्री दांडीवर चढेना? आधी कारण शोधा, मग औषध*



गावरान कोंबड्या असलेल्या सभासदांकडून एक प्रश्न वारंवार येतोय: "कोंबडा रोज लिंबावर नाहीतर खुराड्यातल्या दांडीवर बसायचा, आता खालीच कोपऱ्यात बसतोय. कोणतं औषध देऊ?"

कारण कळल्याशिवाय कोणतंच देऊ नका. अंदाजाने पुडी आणून पाण्यात टाकली की पैसे जातात, आणि खरा रोग असेल तर तो ओळखायला उशीर होतो. रात्रीची जागा बदलणं ही कोंबड्याने दिलेली पहिली सूचना असते. ती नीट वाचली तर अख्खा कळप वाचतो.

*🔸 कोंबडा उंच का बसतो?*
कोंबड्यांना अंधारात फार कमी दिसतं. म्हणून दिवेलागणीला, उजेड आहे तोवर, त्या उंच जागा धरतात. रानकोंबडासुद्धा रात्री झाडावरच असतो. मुंगूस, रानमांजर यांच्यापासून वाचायचा तोच त्याचा उपाय. उंच बसायला तीन गोष्टी लागतात: पायात ताकद, कळपात मान आणि जागेचा भरवसा. यातली एक जरी गेली तरी कोंबडा खाली बसतो.

*🔸 पहिला प्रश्न: एकटाच खाली बसतोय की सगळेच?*
सगळ्याच कोंबड्या खुराड्यात जायला तयार नसतील, बाहेरच घोटाळत असतील, तर दोष बहुतेक जागेत आहे. रात्री साप, मांजर किंवा मुंगूस येऊन गेलंय का बघा. उन्हाळ्यात पत्रा तापलेला असतो, त्यानेही त्या आत जात नाहीत. पण आपल्या कोरड्या भागात सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते गोचीड आणि लाल माइटकडे.

वांग्या-भेंडीवरचा लाल कोळी तुम्हाला माहीत आहे. लाल माइट त्याच्याच नात्यातला, पण रक्त पिणारा. गोचीड आणि माइट दोन्ही दिवसा दांडीच्या खाचेत, भिंतीच्या भेगेत, पत्र्याच्या सांध्यात लपतात आणि रात्री बाहेर येतात. म्हणून दिवसा कोंबडी धरून बघितली तर बऱ्याचदा काहीच सापडत नाही. रात्री 9 नंतर मोबाइलची बॅटरी लावून दांडीची खालची बाजू, टोकं आणि भेगा तपासा. पांढऱ्या फडक्याने दांडी पुसा. लाल डाग उमटले तर समजा माइट आहे.

रक्त कमी झालं की तुरा फिका पडतो. गोचिडीमुळे ताप, हिरवी पातळ विष्ठा आणि लुळेपणाही येऊ शकतो. उपाय करायचा तो कोंबडीपेक्षा आधी खुराड्याचा: विष्ठा काढा, भेगा बुजवा, चुना मारा, दांडी काढून कडक उन्हात टाका. फवारणीचं औषध आणि प्रमाण पशुवैद्यकांना विचारूनच घ्या. पिकावरचं कीटकनाशक कोंबडीवर किंवा खुराड्यात अजिबात मारू नका. खुराडं काही महिने रिकामं ठेवलं तरी गोचीड उपाशी जगते, त्यामुळे नुसतं बंद ठेवून भागत नाही.

*🔸 एकटा कोंबडाच खाली असेल तर*

*1) मान गेला का?* नवीन कोंबडा आणलाय किंवा पिल्लातला नर मोठा झालाय का? हरलेला कोंबडा वरची जागा सोडतो. जपानमधल्या शास्त्रज्ञांनी 2015 मध्ये दाखवलं की पहाटे पहिली बांग कळपातला सगळ्यात वरच्या मानाचा कोंबडा देतो, बाकीचे त्याच्या मागून देतात. तुमचा कोंबडा आधी पहिला आरवायचा आणि आता मागून आरवत असेल, पण खाणं-पिणं ठीक असेल, तर तो आजारी नाही. जागा आणि दाण्याची भांडी वाढवा, फारच मारामारी असेल तर एक नर विका किंवा वेगळा ठेवा.

*2) पाय तपासा.* तळपाय वर करून बघा. मध्ये काळी खपली आणि सूज असेल तर आत पू झालेला असतो. उंचावरून कडक जमिनीवर उडी मारणाऱ्या जड नरांमध्ये हे जास्त दिसतं. वनराज, गिरिराजसारख्या वजनदार नरांना दांडी दीड-दोन फुटांपेक्षा उंच नको, आणि खाली भुसा किंवा पाचट टाका. दांडी साधारण 2 इंच रुंद, कडा घासलेली, लाकडाचीच असावी. लोखंडी किंवा प्लास्टिकचा पाइप नको. गळू घरी ब्लेडने फोडू नका. नडगीवरचे खवले उचलून पांढरी जाड पापडी धरली असेल तर ती खवल्याखालच्या माइटची. पापडी ओढून काढू नका. कोमट पाण्याने मऊ करा, खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावा, आणि कमी न झाल्यास दवाखान्यात दाखवा.

*3) पिसं झडतायत का?* नवीन पिसं येताना कोंबडा सुस्त असतो, उडायला टाळतो. खाणं चालू असेल तर काळजी नको.

*🔴 ही लक्षणं असतील तर थांबू नका*
खाणं बंद, पिसं फुगवून डोळे मिटून बसणं, हिरवी पातळ विष्ठा, तोंड उघडून श्वास, मान वाकडी होणं किंवा पाय-पंख लुळे पडणं. ही मानमोडी म्हणजे राणीखेत असू शकते. त्यावर औषध नाही, फक्त लस आहे. पिल्लांना 5 ते 7 व्या दिवशी लासोटा डोळ्यात किंवा नाकात, आणि 6 ते 8 आठवड्यांनी आर-टू-बी इंजेक्शन. लस निरोगी पक्ष्यांनाच द्यायची, आणि वस्तीवरच्या सगळ्यांनी एकाच दिवशी द्यायची.

एकदम बरेच पक्षी मेले, तुरा निळा-काळा पडला, डोकं सुजलं, किंवा गावात कावळे मरून पडले, तर बर्ड फ्लूची शंका धरा. देशातली पहिली नोंद फेब्रुवारी 2006 मध्ये आपल्याच राज्यात, नवापूरला झाली. जानेवारी 2021 मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात कोंबड्या मेल्या, आणि 2025 च्या सुरुवातीला उदगीर आणि आपल्या जिल्ह्यातल्या ढोकीत कावळे. म्हणजे हे लांबचं राहिलेलं नाही. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नका, ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका, लहान मुलांना लांब ठेवा. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा *1962* वर फोन करा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: कोंबडा "बसला" म्हणून घाईने बाजारात विकू नका, आणि कापून खाऊही नका. तुमचा एक आजारी कोंबडा दुसऱ्या गावातल्या एखाद्या ताईचा पूर्ण कळप संपवू शकतो, आणि बऱ्याच घरांत मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च याच अंड्यांवर चालतो. बाजारातून आणलेला नवा पक्षीही निदान 3 आठवडे वेगळा ठेवा.

*✅ आज रात्रीच करा*
• दिवेलागणीला कोण कुठे बसतं ते मोजा
• रात्री 9 नंतर दांडी आणि भेगा तपासा
• खाली बसलेला पक्षी वेगळ्या डालग्यात ठेवा, दाणा-पाणी वेगळं द्या
• सकाळी विष्ठेचा रंग, तळपाय आणि तुरा बघा
• तळपायाचा आणि विष्ठेचा फोटो काढून, पक्ष्याचं वय आणि शेवटची लस कधी दिली ते लिहून आम्हाला पाठवा

फोटो उजेडात काढा, अंधारातल्या फोटोवरून काहीच सांगता येत नाही. घरात कोंबड्या ज्या बघतात त्या आई, वहिनी, ताईंना हा मेसेज नक्की वाचून दाखवा, कारण कोंबडा कुठे बसतो हे त्यांनाच आधी कळतं.

– कृषी सल्ला विभाग, भूम