सत्ताविभाजन आणि रोजचा जाब

पिंपरीच्या महाविद्यालयात मी राज्यशास्त्र शिकवतो. सत्ताविभाजनाचा धडा आला की मुले वहीत तीन चौकोन काढतात: विधिमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ. माँटेस्क्यूचा हा १७४८ चा विचार अमेरिकेने बराचसा उचलला. आपण तो तसा घेतलेला नाही. आपल्याकडे मंत्र्याला सहा महिन्यांत सभागृहाचे सभासद व्हावेच लागते. कायदा करणारे आणि राबवणारे एकाच छपराखाली बसतात.

हे अनवधानाने झालेले नाही. प्रा. के. टी. शहा यांनी डिसेंबर १९४८ मध्ये घटना परिषदेत संपूर्ण विभाजनाची दुरुस्ती मांडली. ती नामंजूर झाली. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबरच्या भाषणातच कारण दिले होते. अध्यक्षीय पद्धतीत स्थैर्य अधिक, संसदीय पद्धतीत जबाबदारी अधिक. इथे मतदार मुदतीने परीक्षा घेतात, आणि सभासद प्रश्न, ठराव, तहकुबी सूचना, अविश्वास यांतून रोज घेतात. न्यायसंस्था तेवढी वेगळी हवी, म्हणून कलम ५०. ज्याच्या हाती महसूल त्याच्याच हाती दंडाधिकार, हा इंग्रजी अमदानीतला कारभार ज्यांच्या आजोबांनी सोसला त्यांना हे कलम उलगडून सांगावे लागत नाही.

महानगरपालिकेची घडण आणखी निराळी. तिथे नगरसेवकांतून मंत्रिमंडळ बनत नाही. आयुक्त शासन नेमते आणि १९४९ च्या अधिनियमाने अंमलबजावणी त्याच्याकडे. मंजुरी महासभेची आणि स्थायी समितीची. पिंपरी-चिंचवडच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. ७४ व्या घटनादुरुस्तीनुसार निवडणूक त्याआधीच व्हायला हवी होती. इतर मागासवर्गीयांचे आरक्षण आणि प्रभागरचना यांचे वाद न्यायालयात रेंगाळले, आणि मतदान थेट जानेवारी २०२६ मध्ये झाले. तोवर आयुक्तच प्रशासक! चाकणच्या कारखान्यांत कंत्राटावर राबणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट चटकन कळते: चूक काढणारा सुपरवायझर आणि पगार कापणारा सुपरवायझर एकच.

अधिकारी भला की बुरा, हा इथे प्रश्न नाही. जाब विचारण्याची जागाच रिकामी होती. राखीव जागांवरचे नगरसेवकही घरी बसले. वस्तीतल्या संडासाबद्दल, कंत्राटी सफाई कामगाराच्या थकलेल्या पगाराबद्दल अर्ज देता येत होता. पण अर्जाचे उत्तर साहेबांच्या सवडीने मिळते, सभागृहातल्या प्रश्नाचे उत्तर सर्वांसमक्ष द्यावे लागते आणि ते इतिवृत्तात उतरते. २०२३, २०२४ आणि २०२५ ची अंदाजपत्रके आयुक्तांनीच प्रशासक म्हणून मंजूर केली. त्यांवर एकाही नगरसेवकाचा प्रश्न नोंदलेला सापडणार नाही.