फळांची घडण (भाग ७) : हापूसची लेक आणि नात

एप्रिल उजाडला की भाईंदरच्या गोडदेव नाक्यावरच्या हातगाड्यांवर पेंढ्यातले आंबे दिसू लागतात. जो तो 'देवगड' नाहीतर 'रत्नागिरी'. गिऱ्हाईक आंबा नाकाशी नेते, देठापाशी हलकेच दाबते, घासाघीस करते आणि घरी येऊन सुरी फिरवते, तर कोयीभोवती पांढरट, भुसभुशीत, आंबूस गर. साल बिनडाग, वास अव्वल, आत साका. विक्रेत्याशी भांडण्यात अर्थ नाही, त्यालाही तो बाहेरून दिसत नाही.

साका हे हापूसचे एक दुखणे. दुसरे त्याहून जुने : झाड एक वर्ष लगडते आणि पुढचे वर्ष दांडी मारते. कोकणातले बागायतदार कल्टार देऊन झाडाला दरवर्षी मोहोर यायला भाग पाडतात, पण ते औषध झाले, स्वभाव बदलला नाही. स्वभाव बदलायचा तर नवी जातच घडवावी लागते.

मागच्या भागात पीच पाहिले. थंडीचे ठरावीक तास भरल्याशिवाय ते झाड नीट फुलत नाही, म्हणजे भाईंदरच्या खाडीकाठी त्याचा प्रश्नच नाही. मात्र पीचवर संकर करणारा एका बाबतीत सुखी असतो : बी पेरल्यावर तीनेक वर्षांत फळ चाखायला मिळते. आंब्याच्या रोपाला त्याच्या दुप्पट, कधी त्याहूनही जास्त वर्षे लागतात.

आणि त्याआधीचे काम? ते चिमटा घेऊन, डोळे बारीक करून करायचे. आंब्याच्या एका मोहोरात हजारांनी फुले असतात. त्यांतली बरीचशी नुसती नर. बाकीच्या द्विलिंगी फुलांत पराग देणारा पुंकेसर बहुधा एकच. मोहोरावर आधी पिशवी चढवतात, म्हणजे माशांनी भलताच पराग आणायला नको. सकाळी नुकत्या उमललेल्या द्विलिंगी फुलातला तो एक पुंकेसर फुटण्याआधी काढायचा, नर फुले खुडायची, दुसऱ्या जातीच्या फुलातला पराग त्या इवल्या कुक्षीला लावायचा, पुन्हा पिशवी, वर चिठ्ठी. एवढे करून बहुतेक फुले गळतात. जे फळ टिकते त्यात कोय एक, म्हणजे रोपही एकच. ते कोणाचा गुण उचलेल, याची हमी कोणी देत नाही.

वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात ही चिकाटी दाखवली गेली. १९५७ साली सुरू झालेले हे केंद्र आज दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. तिथे मादी म्हणून निवडला दक्षिणेतला नीलम. दिसायला साधा, पण दरवर्षी न चुकता धरणारा. उत्तरेकडच्या आम्रपाली आणि मल्लिका यांच्या वंशातही तोच आहे. पराग हापूसचा. या जोडीतून १९८१ साली 'रत्ना' प्रसारित झाली : फळ हापूसपेक्षा मोठे, गर बिनरेषांचा, दरवर्षी धरणारी, आणि साका नाही.

मग रत्नाचाच पुन्हा हापूसशी संकर केला आणि १९९२ साली 'सिंधू' आली. नात्याने ही हापूसची नात, आणि लेकही! हिची कोय हातात घेतली तर चपटी, कागदी वाटते. वजन सहा-सात ग्रॅमच्या आसपास, आत रुजण्याजोगे बी नाही.

या पातळ कोयीचे महत्त्व पुढे आणखी उमगले. साक्याचा सगळा दोष पूर्वी उन्हावर आणि तापलेल्या कातळावर ढकलला जाई. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००४ साली बोट ठेवले ते कोयीवर : फळ झाडावर असतानाच बी रुजण्याच्या तयारीला लागते आणि भोवतालचा गर बिघडतो. सिंधूत रुजायला बीच नाही. कारणाचा हा उलगडा होण्याच्या बारा वर्षे आधी वेंगुर्ल्याने तिला बागेत आणले होते.

एवढे गुण असून बाजार मात्र हापूसचाच. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, पालघर यांच्याबरोबर ठाणे जिल्हाही आहे. म्हणजे गोडदेवची मातीसुद्धा कागदोपत्री हापूसच्या मुलखातली, जरी तिच्यावर आता इमारती उभ्या असल्या तरी. मानांकनाने परप्रांतातल्या आंब्याला चाप बसला तर चांगलेच आहे. पण पेटीवरच्या नावाला भाव मिळत असताना बागायतदाराने रत्नाची कलमे कशाला लावावीत? वाशीच्या बाजारात निरोगी रत्नापेक्षा साक्याचा धोका असलेला हापूस जास्त पैसे आणतो. जात घडवणाऱ्यांनी आपले काम चोख केले. कच्चे राहिले ते विकण्याचे काम, आणि त्याची जबाबदारी विद्यापीठावर टाकून पणन यंत्रणेला मोकळे होता येणार नाही.

यंदा मे महिन्यात कोकणात जाणे झाले तर वेंगुर्ला-दापोलीच्या बाजूला रत्ना आणि सिंधू विचारून घ्या, एकेक डझन आणा आणि हापूसशेजारी ठेवून कापून बघा.

(पुढील भागात : तासगाव तालुक्यातल्या बोरगावात द्राक्षवेलीच्या एका वेगळ्या फांदीतून निघालेली 'तास-ए-गणेश'.)