दारूतले विष पट्टीवर पकडता येईल?

औरंगपुऱ्यातल्या कुठल्याही औषधांच्या दुकानात रक्तातली साखर मोजण्याच्या पट्ट्या मिळतात. पट्टीवरचे विकर, म्हणजे एन्झाइम, ग्लुकोजशी क्रिया करते. त्यातून मिळणारे इलेक्ट्रॉन यंत्र विजेच्या प्रवाहाच्या रूपात मोजते. ही कल्पना क्लार्क आणि लायन्स यांनी १९६२ मध्ये मांडली. विकर बदलले, की याच पद्धतीने पेयातले अल्कोहोलही मोजता येते.

एरवी त्यासाठी नमुना ऊर्ध्वपातित करून त्याची घनता पाहावी लागते. आपल्या वाळूजच्या बिअर कारखान्यांना ते जमते, द्राक्षांची वाइन करणाऱ्या लहान शेतकऱ्याला जड जाते.

पण खरा प्रश्न मिथेनॉलचा आहे. २००४ मध्ये विक्रोळीत आणि जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने बळी घेतले. मालवणीत तर शंभराहून अधिक. रंग, वास, चव यांवरून मिथेनॉल ओळखता येत नाही. संवेदकाचीही इथे फसगत होऊ शकते. अल्कोहोल ऑक्सिडेज हे विकर इथेनॉल आणि मिथेनॉल दोन्हींपासून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते आणि यंत्र तेच मोजते. आकडा येतो, पण तो कशाचा हे कळत नाही. यीस्टमधले अल्कोहोल डिहायड्रोजिनेज मात्र मिथेनॉलला जवळपास हात लावत नाही. दोन्ही विकरांचे आकडे ताडून पाहिले आणि त्यांत मोठी तफावत निघाली, तर संशयाला जागा आहे.

गंमत म्हणावी की दैव, आपल्या यकृतातले याच नावाचे विकर मिथेनॉलवर सावकाश का होईना, काम करते. त्यातून आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल तयार होते. हे आम्ल डोळ्यांची नस जाळते. त्रास अनेकदा बारा ते चोवीस तासांनी सुरू होतो, म्हणून ‘काल प्यायलो, तेव्हा काही झालं नाही’ यावर विसंबू नये. धूसर दिसणे, पोटदुखी, उलट्या, धाप यांपैकी काहीही जाणवले तर थेट रुग्णालय गाठावे.

अशी पट्टी अजून गावोगावी का नाही? विकर उष्णतेने निकामी होते आणि मराठवाड्याचा मे महिना आपल्याला ठाऊकच आहे. फळांच्या पेयातले क जीवनसत्त्वही इलेक्ट्रोडवर खोटा प्रवाह देते. तोवर पकडलेल्या दारूचे नमुने न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेतच जातात आणि अहवाल येतो तो घटनेनंतर.