वय आणि जिज्ञासा

आकाश निळे का, असे लहान मूल विचारते, तेव्हा कोणाजवळ तरी त्याचे पक्के उत्तर असणारच, हे त्याने गृहीत धरलेले असते. आणि ही श्रद्धा पुष्कळांना महाविद्यालयापर्यंत पुरते. हार्वर्ड विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या मुलाखतींवर आधारलेला जो ग्रंथ शिक्षण-मानसशास्त्रज्ञ विल्यम पेरी यांनी १९७० साली प्रसिद्ध केला, त्यात या श्रद्धेपासून मतभिन्नतेच्या स्वीकाराकडे, आणि तेथून पुरावा तोलून स्वतःचा पक्ष पत्करण्याकडे होणारा प्रवास वर्णिला आहे. मधला मुक्काम मला धोक्याचा वाटतो, कारण सारीच मते सारख्या मोलाची मानली की चौकशीचे प्रयोजनच संपते.

प्रौढपणी जिज्ञासा आटते, हा समज मात्र सरसकट खरा नाही. तिचा पसारा आवरतो, पण खोली वाढू शकते. मुंबईच्या हायकोर्टात वकिली करणाऱ्या पांडुरंग वामन काणे यांचा, ‘व्यवहारमयूख’ हा जुना धर्मशास्त्रीय ग्रंथ संपादताना, धर्मशास्त्राच्या इतिहासावर प्रस्तावनावजा लिहावे, एवढाच बेत होता. परंतु एका दाखल्यातून दुसरा निघत गेला, १९३० साली या इतिहासाचा पहिला खंड निघाला, आणि पाचवा १९६२ मध्ये पुरा झाला तेव्हा त्यांचे वय ८२च्या घरात होते.