हिरडीत उजेड!

पॅरामिशियम आठवतो ना? चपलेच्या तळव्यासारखा दिसणारा, डबक्यात राहणारा एकपेशीय जीव. जर्मनीतल्या म्युनिकमध्ये ऑस्कर राब नावाचा वैद्यकीय विद्यार्थी १८९७-९८ च्या हिवाळ्यात या बिचाऱ्यांच्या पाण्यात अॅक्रिडीन हा रंग टाकून बघत होता. रंग तोच, मात्रा तीच. पण कधी जीव पटापट मरायचे, तर कधी कितीतरी वेळ मजेत पोहायचे! शेवटी उलगडा झाला. भानगड रंगात नव्हती, खोलीत येणाऱ्या उजेडात होती. उजेड कमी असला की रंगाचा तेवढा त्रास होत नसे. उजेड भरपूर असला की खेळ खलास.

आता तुमच्या आजोबांच्या पायोरियाकडे, म्हणजे हिरड्यांच्या दुखण्याकडे वळू. दात आणि हिरडी यांच्यामध्ये बारीक खाच असते, साधारण १ ते ३ मिलिमीटर. तिथे जंतूंचा चिकट थर साचला की हिरडी सुजते, रक्त येतं आणि खाच खोल होत जाते. डेंटिस्ट तिला ‘पॉकेट’ म्हणतात. (खिशात पैसे नाहीत, जंतू!) ऑपरेशन न करता ते आतलं कीटण खरवडून काढतात, तरी काही जंतू कानाकोपऱ्यात उरतातच.

मग काही डेंटिस्ट रंग आणि उजेडाची तीच जोडी वापरतात. पॉकेटमध्ये मिथिलीन ब्लू सोडतात. १८७६ मध्ये हाइनरिश कारो यांनी बनवलेला हा निळा रंग. थोडं थांबून, बारीक दांडीतून लाल उजेड टाकतात. निळ्या रंगावर लाल उजेड का? कारण तो रंग लाल उजेड गिळतो, म्हणून तर तो निळा दिसतो! गिळलेली ऊर्जा तो शेजारच्या ऑक्सिजनला देतो आणि ऑक्सिजन चवताळतो. त्याचा हा अवतार टिकतो जेमतेम काही मायक्रोसेकंद, म्हणून लांब जाऊच शकत नाही. रंग जिथे चिकटलाय, तिथलेच जंतू फोडतो.

झकास ना? पण खरवडण्याला सुट्टी नाही हं! काही अभ्यासांत या उजेडाचा थोडा जास्तीचा फायदा दिसला, काहींत जवळपास नाहीच. एक अडचण तर मोठी गमतीची आहे. खोल पॉकेटमधल्या बऱ्याच जंतूंना ऑक्सिजन सोसत नाही, ते राहतात तिथे तो असतोच कमी. आणि हा उपचार चालतो नेमका ऑक्सिजनवर!