शृंगाराची नव्हे, काट्याची

किल्ल्यांच्या जुडग्याला बारीकसारीक हत्यारं अडकवून हिंडणाऱ्यांची एक जमात आहे आणि मी तिच्यातला जुना सभासद. टायटॅनियमची बोटभर पहार, पोलादाच्या एकाच पट्टीतून कापून काढलेला पाना असल्या वस्तू परदेशातले एकांडे कारागीर हातानं घडवतात आणि आम्ही त्यांच्यावर पैसे उधळतो. कार्ल एल्सनरनं १८९७ मध्ये नोंदवलेला ऑफिसर चाकू, टिम लेदरमनची १९८३ ची घडीची पक्कड, या कथा आता सर्वांना पाठ आहेत. मला ओढ होती ती त्यामागच्या प्रश्नाची: कडीत ओवून अंगावर बाळगलेलं हत्यार किती जुनं?

उत्तर थेट इराकमधल्या ऊरला घेऊन जातं. पुरातत्त्वज्ञ लेनर्ड वूलीला तिथल्या दफनभूमीत १९२६–२७ च्या हंगामात एक खंजीर सापडला: सोन्याचं पातं, लाजवर्दाची मूठ, सोन्याच्या जाळीकामाचं म्यान. त्याच्यासोबत सोन्याची एक निमुळती डबी होती आणि तिच्यात सोन्याचीच चिमुकली साधनं. वूलीनं लिहून ठेवलंय की एका नामांकित तज्ज्ञानं हे काम तेराव्या शतकातलं अरबी कारागिराचं ठरवलं होतं. चूक जवळजवळ पावणेचार हजार वर्षांची! वूली मात्र त्याला दोष देत नाही. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या सहस्रकात असं काम होत असेल, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

खंजिरानं जगभर नाव कमावलं, डबी मागे पडली. मला विचाराल तर खरा ऐवज डबीचा. कारण ऊरच्या इतर थडग्यांत तसेच संच साध्या धातूचे मिळाले: चिमटा, टोचणी, कानकोरणं, एका कडीत ओवलेले. आणि मग हडप्पा. माधोस्वरूप वत्स यांच्या उत्खननात तिथे तांब्याचा असाच संच निघाला. वरच्या टोकाची तार वळवून वेढा केलेला, तीन साधनं एकत्र गुंतवलेली. ऊर, किश, खफाजे या इराकमधल्या ठिकाणच्या संचांशी त्याचं साम्य इतकं, की पुरातत्त्वज्ञ स्टुअर्ट पिगट यांनी १९५० च्या आपल्या ग्रंथात सिंधू आणि सुमेर यांच्यातल्या संबंधांचा पुरावा म्हणून त्याची दखल घेतली. मग नेहमीचा वाद: कुणी कुणाचं उचललं? जहाजातून आलं की इथेच घडलं? मला या वादात फारसा रस नाही. कानात मळ सगळ्यांच्याच होतो.

माझी तक्रार वेगळी आहे. हे संच सगळीकडे ‘प्रसाधनसाधनं’ म्हणून नोंदले जातात. आरसा, काजळाची कांडी यांच्या पंगतीला बसवले जातात. चिमटा आहे म्हणजे भुवया कोरायला, टोचणी आहे म्हणजे नखं साफ करायला! ही नोंद बूट घालून वावरणाऱ्यांनी केलेली आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडे रानात अनवाणी हिंडलेल्या कुणालाही विचारा. बाभळीचा काटा टाचेत मोडला की आधी टोचणीनं भोवतालची कातडी उकरून मोकळी करायची, टोक दिसलं की चिमट्यात धरायचं आणि ज्या दिशेनं घुसला त्याच दिशेनं उलटा ओढायचा. नुसता चिमटा असून भागत नाही, नुसती टोचणी असूनही नाही. दोन्ही एकाच कडीत का, याचा याहून सरळ खुलासा मला सापडलेला नाही. शेतकरी आणि मेंढपाळ करदोट्याला चिमटा बांधत, ते काही भुवयांसाठी नव्हे.

मग सोन्याचा संच कशासाठी? तो अर्थात मिरवायला. पण वस्तू आधी लोखंडा-तांब्याची होऊन घरोघर रुळते, मगच श्रीमंत ती सोन्यात करून घेतो. आपल्याकडे चांदीची कानकोरणी-दातकोरणी झाली ती याच वाटेनं. सोवळ्यातल्या उघड्या अंगाला खिसा नसे, म्हणून जानव्याला तिजोरीची किल्ली आणि शेजारी कानकोरणं लटकायचं. आयुर्वेदशास्त्रालाही कानकोरण्याचं वावडं नव्हतं. वाग्भटानं अष्टांगहृदयाच्या यंत्रविधी अध्यायात कर्णशोधन दिलंय: टोक पिंपळपानाच्या अग्रासारखं, तोंड होमातल्या स्रुव्यासारखं. माझ्याजवळच्या चांदीच्या कानकोरण्याची दांडी चौकोनी तारेला पीळ देऊन केली आहे. घामट बोटांतही ती फिरत नाही. वाटी मसुरीहून लहान, आणि तिची कड घासून बोथट केलेली. कारागिराला कानाच्या पडद्याची धास्ती होती, हे त्या कडेवर बोट फिरवलं की कळतं.

एल्सनरच्याच कंपनीच्या आजच्या व्हिक्टोरिनॉक्स क्लासिककडे या नजरेनं पाहा. ५८ मिलिमीटरचा चाकू, जुडग्यात अडकवायला कडी, आणि मुठीच्या कडेत खोचलेले चिमटा व दातकोरणं. कानकोरणं तेवढं गळालं, आणि कानाच्या डॉक्टरांची शिकवण पाहता ते बरंच झालं. विमानतळावर आमच्या जमातीचं पातं जप्त होतं, चिमटा बहुधा सुटतो. पातं रुबाबासाठी, चिमटा गरजेसाठी, हे तिथल्या जवानालाही कळतं. संग्रहालयांना कळलं की ‘प्रसाधनसाधनं’ ही पाटी बदलून तिथे ‘काटा काढण्याची हत्यारं’ असं लिहावं. निदान प्रश्नचिन्ह टाकून तरी.