मदरबोर्ड बदलण्याआधी विंडोजचं लायसन्स तपासा



समजा, भोकरदनला ऑनलाइन फॉर्म, डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान टाकायचं तुम्ही ठरवलंय. घरात सात-आठ वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटर आहे, विंडोज 10 वाला. पण मायक्रोसॉफ्टनं 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा नंतरचा लागतो. मग दुकानदार म्हणतो, "भाऊ, नवीन कशाला घेता? बोर्ड, प्रोसेसर, रॅम बदलून देतो, कॅबिनेट तेच राहील."

सल्ला वाईट नाही. पण या हिशेबात विंडोजचं लायसन्स बहुतेकदा धरलेलंच नसतं.

विंडोज तुम्ही साडीसारखं विकत घेत नाही, वापरायची परवानगी घेता. ती दोन प्रकारची असते. कंपनीच्या कॉम्प्युटरसोबत आधीच भरून येतं ते ओईएम लायसन्स. ते त्या मशीनला बांधलेलं असतं, आणि मशीन म्हणजे मुख्यतः मदरबोर्ड. विंडोज 8 पासून, म्हणजे 2012 पासून, कंपन्या त्याची की बोर्डावरच साठवतात. बोर्ड बदलला की मायक्रोसॉफ्टच्या लेखी तो नवीन कॉम्प्युटर झाला. जुनं लायसन्स जुन्या बोर्डासोबत गेलं! वॉरंटीत कंपनीनंच बिघडलेला बोर्ड बदलून दिला तर गोष्ट वेगळी, तिथं लायसन्स चालू राहतं. दुसरं रिटेल, म्हणजे सुटं घेतलेलं. ते जुन्या मशीनवरून काढून नव्यावर नेता येतं, एका वेळी एकाच मशीनवर.

आपल्याकडे कुठलं आहे हे कसं कळणार? विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा. चौकटीत इंग्रजीत एस, एल, एम, जी, आर अशी अक्षरं, एक स्पेस, तिरकी रेघ आणि लगेच डी, एल, आय असं टाइप करून एंटर मारा. थोड्या वेळानं एक खिडकी उघडेल. त्यात ओईएम, रिटेल किंवा व्हॉल्यूम यांपैकी एक शब्द दिसेल. व्हॉल्यूम हे मोठ्या कंपन्या-संस्थांसाठी असतं. घरच्या मशीनवर तो शब्द दिसला तर कुणीतरी क्रॅक मारलाय असंच बहुतेकदा समजा.

रिटेल निघालं तर बोर्ड बदलण्याआधी सेटिंग्जमधल्या ॲक्टिव्हेशन पानावर ते आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडून ठेवा. बदलल्यावर त्याच पानावरच्या ट्रबलशूटमध्ये 'हार्डवेअर नुकतंच बदललं' हा पर्याय निवडायचा.

रॅम वाढवली किंवा एसएसडी टाकली तर लायसन्सला काही होत नाही. नव्या एसएसडीवर तीच आवृत्ती टाका, होमला होम, प्रोला प्रो, म्हणजे नेट जोडल्यावर ॲक्टिव्हेट होतं. मात्र रॅममध्ये एक गंमत आहे. जुन्या मशीनवर 32 बिट विंडोज असेल तर ते 4 जीबीच्या वर रॅम वापरतच नाही. 8 जीबीचे पैसे देऊन निम्मी रॅम नुसती पडून! अशा वेळी प्रोसेसर चालत असेल तर त्याच आवृत्तीचं 64 बिट विंडोज नव्यानं टाका. लायसन्स तेच चालतं, फक्त डेटा आधी बाजूला काढून घ्या.

आता तुम्ही म्हणाल, सर, क्रॅक टाकला तर कोण बघतंय? लायसन्स नसलं तरी विंडोज लगेच बंद पडत नाही, कोपऱ्यात सूचना येत राहते, हे खरं. पण तुमच्या मशीनवर लोकांचे आधार, सातबारा, बँक पासबुक येणार आहेत. क्रॅक चालवायला बहुतेकदा अँटीव्हायरस बंद करावा लागतो, आणि आत काय शिरलं ते नंतर कळतं. शिवाय कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 63ब प्रमाणे, माहीत असून बेकायदा सॉफ्टवेअर वापरलं तर किमान 7 दिवस ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड आहे. मुद्राचं शिशू कर्जच 50 हजारांपर्यंत मिळतं. ऑनलाइन चार-पाचशेला मिळणाऱ्या कीच्या नादालाही लागू नका, पुढे ब्लॉक झाली तर विकणारा सापडत नाही.

माझं मत विचाराल तर ओईएमवाल्या जुन्या मशीनचा बोर्ड बदलण्यापेक्षा आठव्या पिढीचा किंवा पुढचा, कंपनीचा सेकंडहँड कॉम्प्युटर बघा. त्याचं ओईएम लायसन्स मशीनसोबतच येतं. पैसे देण्याआधी दुकानातच वर सांगितलेली तपासणी करा आणि बिलावर विंडोजची आवृत्ती लिहून घ्या. असेंबल करणारच असाल तर कोटेशनमध्ये विंडोजची वेगळी ओळ मागा.

आणि जुन्या मशीनवर टॅली असेल तर तिला हात लावण्याआधी टॅलीतूनच लायसन्स सरेंडर करा, मग नव्या मशीनवर चालू करा. हे काम नेट चालू असतानाच उरका.